धाकटीच्या नावावर

दुसऱ्या मजल्यावरच्या धाकटीला लघवी धरवत नाही, ही बातमी पहिल्यांदा फुटली ती तळमजल्यावर, शिंपीणकाकूंच्या खोलीत. तसं तिथे फुटलं नाही असं काही उभ्या इमारतीत नव्हतंच. माप द्यायला आलेली बाई हात पसरून उभी, काकूंच्या ओठांत टाचण्या. टाचण्या धरून कुणाला नीट गिळताही येणार नाही, पण काकूंना बोलता मात्र लख्ख येतं.

"कुणाला बोलू नकोस हं," काकू टाचण्यांमधून म्हणाल्या, "पण तुम्ही डबे घेता ना तिच्याकडून? म्हणून आपलं कानावर घातलं. पुढचं तुझं तू बघ."

बघायचं काय त्यात? तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवालीला अचानक डॉक्टरांनी घरचंच खायला सांगितलं. समोरच्या टायपिस्टची आई गावाहून आली, म्हणजे आली असं तिने सांगितलं. आई काही कुणाला दिसली नाही. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातली पोरं तेवढी सरळ होती. "डबा नको," म्हणाली आणि गप्प बसली. धाकटी उन्हातान्हात रिकामे डबे गोळा करत हिंडायची आणि आपलं मीठ जास्त पडतंय की तेल, याचा विचार करायची. मीठ काढलं, तेल काढलं. गिऱ्हाईक काही परत येईना. बाकीच्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला.

आणि ठाऊक होतं तिच्या समोरच्या दारात राहणाऱ्या थोरल्या जावेला. तिला तर सगळ्यांपेक्षा जरा जास्तच ठाऊक होतं.

थोरली जाऊ म्हणजे शिट्टीबाई. मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आवाज असा की दोन मैदानं पलीकडच्या शाळेतली मुलंसुद्धा रांगेत उभी राहत. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. घरातलं एक घड्याळ त्याने धड चालू ठेवलं नाही आणि बायकोच्या बोलण्यात कधी तोंड घातलं नाही. संसार बरा चालला होता. शाळेत बाईंचा एक नियम प्रसिद्ध होता. खेळाच्या तासाला कुणी बाथरूमला जायचं नाही. एखादी मुलगी पाय आवळून, चेहरा पाडून समोर आली की बाई म्हणायच्या, "धरायला शिक! एवढंसं धरता येत नाही, तर आयुष्यात काय धरणार?" बाकीच्या मुली खीखी करायच्या. ती मुलगी लाल होऊन रांगेत परत जायची.

तर झालं असं, की एकदा शर्यत सुरू करताना बाईंनी पोटातून जोर काढून शिट्टी मारली आणि त्या जोराबरोबर खाली काहीतरी गरम सुटलं. आधी त्यांना घाम वाटला. घाम एवढ्या एकाच जागी कशाला येईल, हा विचार त्यांनी मनातल्या मनात दामटून खाली बसवला. दुसऱ्या शिट्टीला तेच. तिसरी त्यांनी मारलीच नाही, टाळी वाजवली.

मग टाळ्याच सुरू झाल्या. "बाई मवाळ झाल्या," मुली म्हणू लागल्या. दोरीवरच्या उड्या आता त्या स्वतः करून दाखवेनात. "तू दाखव गं, उंच मुली," म्हणायच्या. कपड्यांत गडद निळ्याशिवाय रंग उरला नाही. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या बाई नकला करायला लागल्या की या वह्या शोधायच्या निमित्ताने बाहेर. कारण हसलं तरी तेच, शिंकलं तरी तेच. आणि दरवेळी त्या पाय आवळलेल्या मुलींचे चेहरे एकामागून एक डोळ्यांसमोर येत. कुणाची साधी माफी मागावी, तर आता त्या कुठल्या कुठे, बाळंतपणं होऊन गेलेल्या.

एकदा एका मुलीचा पाय मुरगळला म्हणून बाई तिला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथे भिंतीवर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले. एकावर हात कसे धुवावेत याची चित्रं. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरांत: 'खोकताना, हसताना, उडी मारताना लघवी सुटते? नव्या औषधाच्या चाचणीसाठी स्वयंसेवक स्त्रिया हव्या आहेत.' बाई हात धुण्याच्या चित्रांसमोर उभ्या राहिल्या आणि तिरक्या नजरेने शेजारचा कागद पाठ केला. येणाऱ्या जाणाऱ्याला वाटावं, एवढी स्वच्छतेची आवड असलेली बाई पाहिली नाही.

घरून फोन लावला. पलीकडून 'हॅलो' आलं की ठेवून दिला. पुन्हा लावला.

"बाई, मघाशीही तुम्हीच होतात ना?" पलीकडची नर्स म्हणाली. "नाव नका सांगू. सगळ्या असंच करतात. गुरुवारी या, मागच्या दाराने आलात तरी चालेल."

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीएवढी असेल. तिने सगळं उलगडून सांगितलं. निम्म्या बायकांना नवी गोळी, निम्म्यांना दिसायला तश्शीच पण औषध नसलेली गोळी. कुणाला कुठली, ते तिलाही ठाऊक नाही. मनात येईल तेव्हा सोडून जाता येईल, कुणी विचारणार नाही का म्हणून.

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही, मला माहीत नाही. मग माहीत कुणाला?"

"कम्प्युटरला."

"त्याला म्हणावं, कुणाला बोलू नकोस."

डॉक्टरीणबाई खळखळून हसली. बाईंना हसायची सोय नव्हती.

तपासणीही ऐकण्यासारखी. बाटलीभर पाणी प्यायचं, थोडं बसायचं, मग जिने चढायचे, खोकायचं, जागच्या जागी धावायचं, उड्या मारायच्या. आतलं पॅड आधी तोललेलं असतं, नंतर पुन्हा तोलायचं. काटा सोनाराकडे असतो तसला नाजूक. शिवाय घरी पूर्ण दिवस वापरलेली पॅडं प्लास्टिकच्या घट्ट बंद पिशवीत भरून घेऊन यायची, तीही त्याच काट्यावर चढणार. मैदानावर मुलींच्या उड्या मोजणारी बाई आता स्वतः नर्ससमोर उड्या मारत होती आणि नर्स म्हणत होती, "छान, अजून थोड्या."

एका गुरुवारी सकाळी ती बंद पिशवी कापडी पिशवीत घालून बाई जिना उतरत होत्या. तळमजल्यावर कापडी पिशवीचा बंद तुटला. नेमका शिंपीणकाकूंच्या उंबऱ्यासमोर. पिशवी पडली, आतली पारदर्शक पिशवी सरकत बाहेर आली. काकूंनी वाकून उचलली, डोळ्यांजवळ नेली. कापडाआडचं अंग ओळखणारे डोळे ते, त्यांना प्लास्टिकचं काय!

"हे काय हो बाई?"

त्या वेळी 'तुम्हाला काय करायचंय' म्हणता आलं असतं. खोटंच बोलायचं तर शाळेतल्या कुणा मुलीचं म्हणता आलं असतं. पण तोंडाचं डोक्याशी पटेना झालं की ते जवळचंच माणूस पकडतं.

"धाकटीचं," शिट्टीबाई म्हणाल्या. "बिचारीला त्रास आहे. हॉस्पिटलात नवीन औषध तपासतायत, तिथे दाखवायला नेतेय. कुणाला बोलू नका."

'कुणाला बोलू नका' हे काकूंना सांगणं म्हणजे गावभर कर्णा लावणं. हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. फाटकापर्यंत पोचायच्या आतच कळलं. पण हॉस्पिटलची वेळ झाली होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

मग डबे बंद पडू लागले. रोज दुपारी समोरच्या दाराशी धाकटी न खपलेलं जेवण घेऊन उभी राहायची. "ताई, तुम्ही तरी खा. सांगा ना, काय चुकतंय माझं?" बाई खायच्या. घास गिळताना मान खाली. "छान झालंय गं," म्हणायच्या, "लोकांचं काही खरं नाही." रात्री नवऱ्याला सगळं सांगून टाकायचं ठरवायच्या आणि घड्याळाचा विषय काढायच्या.

शेवटी बातमी धाकटीच्या नवऱ्यापर्यंत पोचली. तो गाडी चालवायला शिकवायचा. शिकवताना सतत ब्रेकवर पाय ठेवायची सवय, घरात मात्र ब्रेक नाही. तडक समोर आला, मागून धाकटी, डोळे सुजलेले.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं आणि मला सांगितलं नाहीत?"

"मला काही झालेलं नाही!" धाकटी ओरडली. "देवाशपथ सांगते!"

"कुणीच कबूल करत नाही म्हणे यात. वहिनी, तुमचंच ती ऐकते. त्या औषधाच्या ठिकाणी घेऊन जा तिला. बरी झाली की लोकांची तोंडं आपोआप बंद."

तिघंही उभी होती. बोलायचं तर ते तेव्हाच. शिट्टीबाई म्हणाल्या, "गुरुवारी जाऊ."

नर्सने दोघींना पाहिलं. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही, जणू या निळ्या कपड्यांतल्या बाईला जन्मात पाहिलेलं नव्हतं. "बसा. पेशंट कोण?"

"ही," शिट्टीबाई म्हणाल्या.

धाकटी पाणी प्यायली. जिने चढली, खोकली, धावली. उड्या मारायला लागली ती लहान मुलीसारखी, वेणी उडत होती. राग होता त्या उड्यांत, पण अंग हलकं होतं. बाकावर बसून शिट्टीबाई बघत होत्या. काट्याने सांगितलं, पॅड गेलं तसंच परत आलंय, कोरडं ठणठणीत.

"तुम्हाला चाचणीत घेता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आम्हाला बायका हव्यात हो, फार कमी येतात. पण तुम्हाला आजारच नाही."

"मग माझ्या नावावर हे कुणी खपवलं?" धाकटीने विचारलं. कुणाला म्हणून नाही, खोलीलाच.

डॉक्टरीणबाई काटा पुसू लागली. नर्सने मान खाली घातली. कुणाचं गुपित फोडायचं नाही हा त्यांचा धर्मच. पण ती खाली घातलेली मान शिट्टीबाईंना अशी लागली की कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर बसथांब्यावर त्यांनी सांगितलं. सगळं. शिट्टीपासून पिशवीपर्यंत. बस आली आणि गेली.

धाकटी रडली नाही. "माझ्या हातचं खात होतात तुम्ही," एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, "मला कशाला सांगताय? मला तर आधीपासूनच माहीत आहे की मला काही झालेलं नाही. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

संध्याकाळी शिंपीणकाकूंच्या खोलीत बँकवाली होती, टायपिस्ट होती, आणखी एक दोघी कापड घेऊन आलेल्या. शिट्टीबाई दारात उभ्या राहिल्या आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "त्या पिशवीतलं माझं होतं. त्रास मला आहे. धाकटीला नाही."

मग काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढून गादीला टोचल्या. डोळ्यांत पाणी.

"बघा गं, याला म्हणतात थोरली! जावेची अब्रू झाकायला स्वतःच्या अंगावर घेतलंन! आजकाल सख्ख्या बहिणी करत नाहीत एवढं."

"किती मोठं मन हो बाई तुमचं," बँकवाली म्हणाली.

आता काय करावं? दारामागे जिन्यात धाकटी उभी होती, तिने हेही ऐकलं. शिट्टीबाईंनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना असं वाटलं की या क्षणी जिना, इमारत सगळं अंगावर कोसळलं तर फार उपकार होतील.

"मोठं मन गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. काकूंचा पाण्याचा तांब्या उचलला, गटागटा संपवला. कपडे घालून बघायला काकूंनी कोपऱ्यात पडदा लावलेला होता, त्याच्याआड गेल्या. बाहेर आल्या तेव्हा निळ्या सलवारीऐवजी काकूंच्या गिऱ्हाइकाची पांढरी सलवार अंगावर, आणि आत पॅडचा आधारही नाही.

"अहो, ती उद्या द्यायचीय!" काकू ओरडल्या.

"दुसरीचे पैसे मी देईन. बघा." आणि त्या मधोमध उभ्या राहून उड्या मारू लागल्या, हात वर, पाय बाजूला, मैदानावर मुलींकडून करून घ्यायच्या तशा, शिस्तीत. फार माराव्या लागल्या नाहीत. पांढऱ्या कापडावर लपवायला काही नसतं.

कुणी हसलं नाही. टायपिस्टने नजर शिलाईयंत्राकडे वळवली. बँकवालीचा हात स्वतःच्याच पोटावर गेला आणि तिथेच राहिला. काकूंनी न बोलता चिंध्यांच्या टोपलीतली एक मोठी चिंधी काढून पुढे केली. शिट्टीबाईंनी खाली वाकून फरशी स्वतः पुसली. दारामागून धाकटी वर निघून गेल्याचा आवाज आला.

डबे थोडे परत सुरू झाले, थोडे नाही झाले. ज्यांनी एकदा घरचं खायला सुरुवात केली त्यांना तेच परवडलं. शिट्टीबाई गुरुवारी हॉस्पिटलात पुढच्या दाराने जातात. औषध खरं मिळतंय की खोटं, अजून ठाऊक नाही. त्यांच्या मागून आणखी एक दोन ओळखीचे चेहरे तिथल्या जिन्यावर दिसतात, कोणाचे ते सांगणार नाही. धाकटी समोरच राहते, पण दुपारी दाराशी येत नाही. पूर्वी 'ताई' म्हणायची, आता 'जाऊबाई' म्हणते, फार अदबीने.

आणि तरीही वरच्या गल्लीत, जिथे फक्त पहिली अर्धी बातमी पोचली, तिथल्या बायका अजून डबेवालीचं नाव घेऊन नाक मुरडतात. म्हणून एकदा सांगून टाकतो. धाकटीला काही झालेलं नव्हतं. आजार शिट्टीबाईंना होता आणि तो धाकटीच्या नावावर त्यांनीच घातला.