ऐच्छिक विषय: म्हाताऱ्यांची तोंडं

घरात तिला सगळे मुरडी म्हणायचे. सदा नाक मुरडायची म्हणून. दुधावर साय दिसली की नाक मुरड, शेजारी कुणी शिंकलं की नाक मुरड, भावाचा मोजा पलंगाखाली सापडला तर त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. आणि अशी ही पोरगी दातांची डॉक्टर व्हायला निघाली! आता बोला. वडिलांचा तळमजल्यावर दातांचा दवाखाना, भावानं आधीच कानावर हात ठेवलेले, हिला मार्क बरे पडले, झालं. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार होती? माणसाच्या तोंडाची शिसारी येते, असं?

तशी ती येतच होती. पहिल्या वर्षी प्लॅस्टरचे जबडे होते, तोवर ठीक चाललं. मग खरी माणसं खुर्चीत बसायला लागली. लाळेच्या तारा, दातांच्या फटीत कुजलेलं कालचं जेवण, हिरडी दाबली की वर येणारा पू. मुरडी एकावर एक दोन मास्क लावायची आणि आतल्या मास्कला बाम चोळायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण काम सुरेख करायची हं. हात आईवर गेला होता, आईचं भरतकाम बघावं एकदा. पेशंट म्हणायचे, डॉक्टरीणबाई किती मायाळू, आमचं दुखणं बघून डोळे भरून येतात!

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक ऐच्छिक विषय घ्यायचा असतो. ऐच्छिक म्हणे! यादी फळ्यावर लागते, आपापलं नाव जाऊन लिहायचं, जागा भरल्या की खडू खाली. 'सुंदर हास्य' या विषयाला नुसती झुंबड. धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि त्यावर पांढरीशुभ्र टरफलं चिकटवायची, यालाच हास्य म्हणतात तिथे. मुरडीला तेही नको होतं. तिचा डोळा लेझरवर होता, कारण त्यात तोंडात बोटं कमी घालावी लागतात, असं तिनं ऐकलं होतं. पण यादी लागली तेव्हा ही बेसिनपाशी. एका पेशंटला भडभडून उलटी झालेली, म्हणून ही कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होती. एकदा धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले, पुन्हा वास घेतला. येऊन बघते तो सगळे विषय भरलेले आणि तळाशी एक रिकामा: 'वृद्ध व परावलंबी रुग्णांची मुखसेवा'. मुलं त्याला 'म्हाताऱ्यांची तोंडं' म्हणायची. तिचं नाव दुसऱ्याच कुणीतरी तिथे लिहून टाकलं होतं आणि मागे फिदीफिदी हसत होतं.

"उत्तम निवड," विषय शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मॅडम निवृत्तीला टेकलेल्या, आवाज करडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "इथे मशीन नाही, एसी नाही. तोंड उघडायचं आणि आत काय आहे ते बघायचं. बघता येतं का तुला?"

"येतं मॅडम," मुरडी म्हणाली. थाप होती शुद्ध.

वृद्धाश्रम कॉलेजमागच्याच रस्त्यावर होता. बाहेर कुंड्या, रंगवलेलं फाटक, पाटीवर हसरे आजी-आजोबा. आत पाऊल टाकलं की फिनेल, आणि फिनेलच्या खाली जे काही दडवायचं असेल ते. पुरुषांच्या खोलीत ओळीनं कॉट, प्रत्येक कॉटपाशी लहान कपाट, कपाटावर पेला आणि पेल्यात कवळी. पाणी कधीचं होतं देव जाणे. एका पेल्यात तर तवंग आला होता. मुरडीनं पहिल्याच दिवशी एका आजोबांची वरची कवळी ओढून काढली, तर आतून टाळूला चिकटलेला हिरवट थर लोंबत आला. किती दिवस काढली नव्हती, विचारू नका. ती खिडकीत गेली, मास्क वर करून श्वास घेतला, परत आली आणि टाळू पुसला. शी, शी, शी, असं मनात चाललेलं आणि हात आपले कापसाचा बोळा फिरवतायत.

खोलीच्या मधल्या कॉटवर मास्तर होते. सगळा जन्म शाळेत भूमिती शिकवलेली. झटका आल्यापासून उजवी बाजू लुळी, बोलणं म्हणजे नुसता घोगरा गुंता. मास्तरांनी जेवण सोडलं होतं. तोंडात घास दिला की घासासकट कवळी थुंकायचे. कधी ताटात, कधी अंगावर, एकदा तर मॅनेजरबाईंच्या साडीवर. अंग असं उतरलं होतं की सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता.

"हट्टी म्हातारा आहे," मॅनेजरबाई म्हणाल्या. इस्त्रीची साडी, गळ्यात किल्ल्या, बोलणं साखरेचं. "लेकीनं सोडून दिलं म्हणून आमच्यावर राग काढतात. डॉक्टर म्हणालेत, आता नाकातून नळी घालायची. एकदा नळी लागली की या वयात ती निघत नाही हो. तुम्ही शिकलेली मुलं, बघा काही जमतंय का."

मुरडीनं बघितलं. कवळी सैल होती, चांगलीच सैल. तिला हायसंच वाटलं, कारण सैल कवळीचं उत्तर पुस्तकात आहे. खालची आणि वरची, दोन्ही कवळ्या कॉलेजात नेल्या, आतून खरवडल्या, मऊ थर भरला, मास्तरांच्या हिरड्यांचा ठसा घेऊन पुन्हा बसवल्या. ठसा घेताना मास्तर डोकं हलवत होते. मावशींनी, म्हणजे तिथल्या सेविकेनं, कपाळ धरून ठेवलं आणि मुरडीनं जबडा. बसल्या अशा घट्ट, की थुंकायची सोय राहिली नाही. मास्तरांनी जिभेनं ढकलून बघितलं, गाल फुगवून बघितलं आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बघा, किती बरं वाटलं त्यांना!" मॅनेजरबाई म्हणाल्या.

मॅडमनीही कवळी हलवून पाहिली, चष्मा वर केला. "हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या. चार वर्षांत त्यांनी कुणाला असं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. मुरडी त्या दिवशी घरी जाऊन दोनदा जेवली.

पुढच्या खेपेला ती गेली तेव्हा मास्तरांच्या कॉटपाशी सलाइनचा स्टँड उभा होता. कवळी थुंकता येईना, तेव्हा त्यांनी तोंडच मिटून घेतलं होतं. चमचा ओठांवर आपटून परत येत होता. उद्या सकाळी डॉक्टर नळी घालणार होते.

"कुठे टोचतंय का, मास्तर? फोड आलाय का?" मुरडी वाकली. त्यांनी बरंच काहीतरी सांगितलं. तिला अक्षर कळलं नाही. "दाखवा बरं. मी काढून बघते, परत घालत नाही लगेच."

या शब्दांवर त्यांचे ओठ उघडले. तिनं कवळी सोडवली, धुतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. फोड यावा असा खरखरीत भाग कुठे सापडेना. मग तिनं दात बघितले. नुसतंच बघितलं, जसं मॅडम म्हणाल्या होत्या तसं. समोरच्या वरच्या दाताच्या धारेवर एक बारीक खाच होती, गुळगुळीत झिजलेली. पहिल्या दिवशीही तिनं ती पाहिली होती आणि माल हलका आहे म्हणून सोडून दिली होती. अगं बावळट, अशी खाच कारखान्यात पडत नसते! असल्या दाताचा फोटो दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, परीक्षेत ओळखायला येतो. वर्षानुवर्षं दातानं दोरा तोडला की पडते ती.

"मावशी, मास्तर शिवणकाम करायचे का हो?"

मावशी चादर बदलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मास्तर? ते कुठलं शिवतायत. शिवायचे टेलरकाका. या बाजूच्या कॉटवर होते ना, सगळ्यांची बटणं लावून द्यायचे. गेले ते थंडीत." मावशींचा आवाज एकदम खाली गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? मास्तरांची कवळी माझ्या हातून बेसिनमध्ये पडली, दोन तुकडे झाले. मी घाबरले. मॅनेजरबाई म्हणाल्या, रडतेस कशाला, टेलरांची चांगली पेल्यात पडून आहे, तीच घाल. म्हाताऱ्याला काय कळतंय."

मुरडीच्या हातात ती कवळी होती. ओली, गुलाबी, तिनंच चकाकवलेली. मेलेल्या माणसाचे दात जिवंत माणसाच्या तोंडात, महिनोन्महिने, आणि तो ते थुंकतोय तर लोक त्याला हट्टी म्हणतायत. हे कमी होतं की काय म्हणून ही शहाणी गेली आणि तेच दात निघू नयेत असे घट्ट बसवून आली. वर शाबासकी घेऊन आली! पू पाहिला, किडे पाहिले, टाळूचं शेवाळ पाहिलं, पण आजवर इतकं घाणेरडं तिनं काही पाहिलं नव्हतं, आणि ते तिच्याच हातचं होतं.

"दोघांची ओळख होती?" तिनं विचारलं.

"ओळख? अहो, दिवसभर बुद्धिबळाचा पट मध्ये. भांडायचे काय, हसायचे काय. टेलरकाका गेले ते मास्तरांचा हात धरून."

मुरडीनं कवळी ट्रेमध्ये ठेवली. मास्तरांचं तोंड कोमट पाण्यानं स्वच्छ केलं, हिरडी न् हिरडी, गालांच्या आतून, जिभेखालून. मग म्हणाली, "मावशी, काहीतरी पातळ करून आणा. बिनदातांचं जाईल असं."

मावशींनी भाज्या शिजवून, गाळून आणल्या. पहिला चमचा मुरडीनं स्वतः ओठांपाशी नेला. मास्तरांनी तोंड उघडलं. हिरड्यांवर घोळवलं आणि गिळलं. पुन्हा उघडलं. अर्धा वाडगा संपला तेव्हा सूप हनुवटीवरून ओघळून तिच्या मनगटावर आलं होतं आणि ती ते पुसायचंही विसरली होती.

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. "अगं बाई, दात का काढले?" मॅनेजरबाई दारात. "उद्या नळी घालायला डॉक्टर येतील, दुपारी यांची लेक येणार आहे. तोंडाचं बोळकं बरं दिसतं का? मागच्या वेळी दातांसकट फोटो काढून नेला तिनं."

"नळी लागणार नाही. जेवतायत ते, बघा ना. आणि हे दात त्यांचे नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं."

मॅनेजरबाईंचा चेहरा जराही हलला नाही. "वस्तू चांगली होती. वाया कशाला घालवायची? बरं, यांना नको असेल तर द्या इकडे. धुऊन ठेवते, दुसऱ्या कुणाला होईल."

मुरडीनं ट्रे उचलला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. "घ्या. पण आधी तुम्ही घालून बघा."

"शीऽऽ!" मॅनेजरबाई दोन पावलं मागे सरकल्या. "काहीतरीच काय! कुणाच्या तोंडातलं कुठे..." आणि वाक्य तसंच सोडून त्या उभ्या राहिल्या. खोलीतले सगळे म्हातारे त्यांच्याकडे बघत होते. त्या किल्ल्या मुठीत धरून निघून गेल्या.

मास्तर काहीतरी म्हणत होते. तोंड मोकळं होतं, जीभ मोकळी होती. मुरडीनं दोन्ही मास्क खाली ओढले आणि कान त्यांच्या ओठांपाशी नेला.

"त्याचे... आहेत ते," मास्तर म्हणाले. प्रत्येक शब्दाला त्यांना दम लागत होता. "रोज... सांगत होतो."

मुरडीनं मान हलवली. दुसरं काय करणार? तिनं पुढचा चमचा भरला, पण ट्रेमधल्या दातांकडे बघता बघता तो तसाच वाकडा धरून बसली आणि सूप चादरीवर सांडायला लागलं. तेव्हा मास्तरांनीच डावा हात पुढे केला आणि चमचा तिच्या हातातून काढून घेतला.