हळदीतलं चमेलीचं नाव

धरणगावच्या चमेलीबाईचा आवाज अख्ख्या खानदेशाने ऐकलाय, तोंड मात्र कुणी ओळखत नाही. पहिली कॅसेट निघाली तेव्हा कंपनीच्या मालकाने वर छापली मुंबईची एक गोरीपान मॉडेल, आणि गायिकेचं नाव घालायला म्हणे जागाच उरली नाही! पण चमेलीबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. रेकॉर्डिंगच्या वेळी हळदीच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत तिने गुपचूप स्वतःचं नाव सारून दिलं: "आंगले हळद लागनी, नटनी माय चमेली." म्हणजे अंगाला हळद लागली, नटली गं बाई चमेली. मालकाला ते गोड वाटलं. त्याला काय कळतंय?

गाणं असं चाललं की विचारू नका. रिक्षांत वाजलं, बॅन्डवाल्यांनी उचललं, धुळ्याच्या ऑर्केस्ट्रात लोकांनी 'पुन्हा, पुन्हा' करत खुर्च्या मोडल्या. कॅसेटी गेल्या, सीड्या गेल्या, मोबाइल आला. त्यात भलतीच पोरगी ओठ हलवत नाचू लागली. चमेलीबाई म्हणायची, नाचू दे, शेवटी नाव तर माझंच आहे ना. तेवढ्या एका नावावर त्या बाईने सगळी कारकीर्द काढली.

हळदीला मात्र ती कधी गेली नाही. तिचा ढोलकीवाला नवरा, ईश्वर, कॅसेटच्या पुढच्याच वर्षी वारला, आणि विधवेने हळदीच्या मांडवात पाऊल टाकायचं नाही हे आपल्याकडे ठरलेलंच. कॅसेटमध्ये हळद गायची मुभा, मांडवात नाही! यंदा भाची दीपमाला हट्टाला पेटली. "मावशी, माझ्या लेकीची, हेमलताची हळद आहे. आली नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." म्हणून चमेलीबाई पिंप्राळ्याला आली आणि मागे कोपऱ्यात बसली.

हळदीची गाणी सांगणाऱ्या जामनेरच्या जाणत्या सुंदरबाईंनी गाणं धरलं. तेच गाणं! चमेलीबाई मनातल्या मनात सोबत म्हणू लागली. शेवटची ओळ आली आणि बाया एका सुरात गायल्या, "नटनी माय हेमलता."

"चुकलं!" चमेलीबाई बसल्या जागेवरून ओरडली. "तठे चमेली शे!"

"चमेली कोन वं?" सुंदरबाई उखडल्या. "ज्या घरनी हळद, त्या घरनी पोरनं नाव. बठ्ठा खान्देशमा असंच म्हनतस. आमनी मायबी असंच म्हने."

सुंदरबाईंची माय! हिच्या कॅसेटमधलं गाणं, आणि यांनी ते पार पूर्वजांच्या पदरात टाकलं. इतकी वर्षं मांडवामांडवात तिचं नाव काढून दुसरीचं बसवत होते, आणि तिला पत्ता नाही! राग, लाज, रडू सगळं एकदम दाटून आलं. दीपमाला काही बोलायच्या आत ती पुढे आली आणि तिने स्वतःच गाणं धरलं. तो आवाज ऐकून बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. हा तर कॅसेटमधलाच! शेवटी तिने छाती भरून म्हटलं, "नटनी माय चमेली." पुढचीने म्हटलं की मागच्यांनी म्हणायचं, या सवयीने सगळ्या बायांनी ते नाव उचललं.

मग भानावर आल्या. ही दीपमालाची विधवा मावशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विधवेचं नाव हळदीत! चमेलीबाईही भानावर आली. पोरीच्या हळदीत हे आपण काय करून बसलो? हेमलताकडे बघायची तिची हिंमत होईना.

सुंदरबाई हळदीची वाटी घेऊन उठल्या आणि तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जिना नावनं गानं, तिले हळद लागस," त्या म्हणाल्या. "गाल पुढे कर, चमेली."