छतावरचा एस

नेब्रास्कातल्या आमच्या हॉलिस गावच्या विमानतळाला धावपट्टी एकच, आणि कडेने विमानं ठेवायच्या पत्र्याच्या हँगरांची रांग. बहुतेक हँगर नगरपालिकेचे. माझं विमानही तिथेच, भाड्याने. साधी खुर्ची ठेवायची तरी पालिकेला विचारा!

म्हाताऱ्या डेल्मर ह्रुस्काचा हँगर मात्र त्याने स्वतः बांधलेला. जमीन तेवढी पालिकेची. करार असा, की चाळीस वर्षांनी हँगरही पालिकेचा. "चाळीस वर्षांनी मी कुठला असायला!" म्हणत त्याने सही ठोकली होती. इथे सगळे असंच म्हणतात आणि सही करतात.

हँगरचं दार उघडं असलं की कुणीही आत यावं, ही इथली रीत. डेल्मरचं दार सकाळपासून उघडं. पूर्वी शनिवारी तिथे बसायला जागा मिळायची नाही. मग कुणी वारलं, कुणी विमान विकलं. नवे लोक गाडीतून उतरतात, उडतात, घरी जातात. मान वळवायलाही सवड नाही मेल्यांना. तरीही डेल्मर भांडंभर कॉफी करायचा आणि संध्याकाळी गवतात ओतायचा.

हँगरच्या छतावर त्याच्या बायकोने, इर्माने, गावाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत रंगवलं होतं, वाट चुकलेल्या वैमानिकाला दिसावं म्हणून. रंग उडाला की ती पुन्हा वर चढायची. डेल्मर विमानातून बघून यायचा आणि सांगायचा, "शेवटचा एस वाकडा झालाय." ती ब्रश उगारायची. पुढे ती गेली, त्याचे डोळे अधू झाले, डॉक्टरने उडणं बंद केलं आणि विमान विकावं लागलं.

यंदा करार संपला. पालिकेची मॅनेजरबाई तशी वाईट नाही. म्हणाली, "भाड्याने दिला असता हो, पण विमान नसलेल्याला हँगर देता येत नाही. आणि छतही आता नवं घालतोय."

डेल्मर वाद घालत बसला नाही. माझ्याकडे आला. "पोरी, पत्रे काढायच्या आत एकदा वर नेशील? तिची अक्षरं बघायचीत."

नेलं. हँगरवरून घिरटी घातली. खाली नुसता गंज होता. अक्षर एकही नाही.

तो खिडकीला नाक लावून बसला होता. "मला धूसर दिसतंय. तू सांग, एस अजून वाकडाच आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं. "थोडासा."

तो खिडकीपासून मागे सरला.

"तो कधीच वाकडा नव्हता गं," तो म्हणाला. "मी उगीच चिडवायचो तिला. चल, उतरू."

उतरल्यावर त्याने हँगरचं दार स्वतः ओढून घेतलं. ते दार भर दिवसा बंद झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.