मास्तरांचा चिकूचा टेम्पो

"पुढे सरका, आत जागा आहे!" हे वाक्य मास्तर कुठेही म्हणत. बसमध्ये म्हणत ते ठीक, पण देवळाच्या रांगेत म्हणत, लग्नाच्या पंगतीत म्हणत. एकदा तर दातांच्या दवाखान्यात स्वतःचा गाल सुजलेला असताना त्यांनी बाकड्यावरच्या चौघांना सरकवून पाचव्याला बसवलं होतं.

कंडक्टरला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मी ड्रायव्हर. डहाणू-सायवन गाडीवर आम्ही जोडीने सोळा वर्षं काढली. त्यांनी मला नावाने हाक मारलेली आठवत नाही. घरी चहाला गेलो तरी आत ओरडत, "अगं, डायव्हर आलाय!"

सायवनला गाडी उभी राहिली की मी टायर बघायचो आणि मास्तर सुई काढायचे. सुरुवात झाली खाकी शर्टाच्या तुटक्या बटनापासून. समोरच्या ओट्यावर बायका गोधड्या शिवत बसायच्या, त्यांना मास्तरांचा टाका बघवेना. "हे बटन लावलंय की फोड आलाय?" असं म्हणत एकीने त्यांना धावदोरा शिकवला. पुढे तलासरीच्या फेरीवर ड्यूटी लागली तेव्हा एका गुजराती बाईंकडून ते आभले, म्हणजे कापडावरचे छोटे आरसे, लावायला शिकले. डेपोत सगळे हसले. मास्तरांनी हसणाऱ्यांच्या रुमालांवर त्यांची नावं भरून दिली. मग कोणी हसेना.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घोलवडच्या एका वाडीवाल्याकडून चिकू वाहणारा जुना टेम्पो घेतला. बाजूंना खिडक्या कापल्या, आत दोन बाकं, शेगडी आणि पाण्याचं पिंप बसवलं. मोबाईलवर परदेशी लोकांच्या अशा गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. "कॅम्पर म्हणतात ह्याला. गाडीतच झोप, गाडीतच चहा." आत शिरलं की पिकलेल्या चिकूचा असा वास यायचा की आपल्याला भूक लागायची. माश्यांनाही लागायची.

"आयुष्यभर लोकांना उतरवलं, डायव्हर. आपण कुठे उतरलोच नाय," ते म्हणाले. आता जुनी ठिकाणं बघायची, आणि पाहिलेलं प्रत्येक ठिकाण एका मोठ्या कापडावर भरायचं, असा बेत होता. मी आपोआप ड्रायव्हर झालो. मला कोणी विचारलं नाही.

पहिला डहाणूचा किल्ला झाला. आठ दिवस खपून त्यांनी तो भरला. मी बघतो तर लांबट चौकोन, ओळीने खिडक्या आणि मागे एक दार.

"मास्तर, ही बस झाली."

"किल्ला आहे तो."

"मग मागे दार कशाला?"

"माणसं उतरणार कुठून?"

त्यांनी नंतर महालक्ष्मीचं देऊळ भरलं, तेही कळस लावलेली बसच झालं. हाताला तोच आकार ठाऊक, त्याला ते तरी काय करणार?

खरा जीव अडकला होता गंभीरगडात. सोळा वर्षं बसमधून लांबून पाहिलेला गड. पहिल्यांदा निघालो तेव्हा रानशेतला एका बाईने हात दाखवला. मास्तरांनी पत्र्यावर एक थाप मारली आणि माझा पाय ब्रेकवर गेला. तुम्हीच सांगा, यात चूक कोणाची? सायवनला पोचेपर्यंत आत अकरा माणसं आणि एक कोंबडा होता. बाजाराचा दिवस होता. सगळ्यांना नेण्या-आणण्यातच दिवस मावळला.

दुसऱ्यांदाही तेच. मग मास्तरांनी समोरच्या काचेसाठी एक पट्टी भरली, 'खाजगी गाडी. थांबणार नाही.' प्रत्येक अक्षराभोवती आभले. उन्हात ती पट्टी अशी चमकायची की लोकांना गाडी दोन वळणं आधीच दिसू लागली. ते सामान उचलून तयारच उभे राहत.

मग मास्तरांचा गुडघा गेला. ऑपरेशनची तारीख ठरली, डॉक्टरांनी सांगितलं, नंतर डोंगर विसरा. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आम्ही उजाडताच निघालो. पट्टी काढून ठेवली. "आज कोणासाठी थांबायचं नाय," मास्तर म्हणाले.

सायवनच्या अलीकडे एक म्हातारी रस्त्याकडेला उभी होती. तिने हात केला. मास्तरांनी डावीकडे बघितलं, मी उजवीकडे. गाडी पुढे गेली. बरंच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "डायव्हर, पाठी घे."

उलटा टेम्पो चालवत तिच्यापर्यंत आलो. "चला आजी, कुठं जायचं?"

"मी कुठं जाते? तुमचं कापड रस्त्यावर लोळतंय, ते सांगत होते."

मागच्या दाराला पडदा म्हणून लावलेलं ते भरलेलं कापड खरंच अर्धं बाहेर येऊन फाटलं होतं.

"माफ करा, आजी. आम्ही बघून न बघितल्यासारखं केलं."

"माहीत आहे. दोघांनी तोंडं फिरवलीत ना."

मास्तरांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आजीने मास्तरांच्या डब्यातली सुई घेतली, टेम्पोच्या पायरीवर बसून फाटलेलं सगळं सांधलं. मग कापड लांब धरून म्हणाली, "बसगाड्या छान काढल्यात."

"किल्ला आहे तो, आजी."

"असेल बाबा."

मग उशिरा का होईना, गड चढलो. माझ्या खांद्यावर हात टाकून, दर वीस पावलांना बसत, गुडघ्याला शिव्या घालत मास्तर वर पोचले. वर वारा होता. त्यांनी खालचे पाडे बोटाने दाखवले, कुठे कोण उतरायचं ते सांगितलं आणि बोलता बोलता दगडाला टेकून झोपले. त्यांच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून मी तासभर उभा राहिलो. पाय भरून आले, पण उठवलं नाही. वाटलं, जागे झाल्यावर काहीतरी मोठं बोलतील.

डोळे उघडले आणि म्हणाले, "चहा दे."

थर्मास खाली गाडीत राहिला होता.

गड उतरेपर्यंत मास्तर मला झापत होते. अक्कल काढली, लायसन्स काढलं, मला गाडी शिकवणाऱ्यालाही सोडलं नाही.

गुडघा बरा झाला, पण पुढच्या पावसाळ्यात हृदयाच्या झटक्याने मास्तर गेले. तेराव्याला वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भावोजी, गडावर पोचल्यावर काय म्हणाले हो हे? मला काही सांगितलंच नाही."

खोटं बोलावंसं वाटलं, पण सुचलं नाही. "चहा वर आणला नाही म्हणून खालपर्यंत शिव्या दिल्या."

"खालपर्यंत?"

"गाडीत बसेपर्यंत."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "मग खूश होते," त्या म्हणाल्या.