चार वाजताची स्कूटर

पहिल्याच रविवारी मी तो रबराचा तुकडा कचऱ्यात टाकला. निळ्या स्लीपरच्या टाचेतून कापलेला, बिस्किटाहून थोडा मोठा, भोक पाडून त्यात नायलॉनची दोरी ओवलेली. मेव्हण्याच्या वॉटर स्कूटरची सीट उचलली तर इंजिनाशेजारी हाच लोंबकळत होता. "उंदरांनी आणून ठेवलाय," असं मी जाहीर केलं. उंदीर दोरी ओवतात का, हा प्रश्न मला पडला नाही. तुकडा पाल्याच्या ढिगावर गेला आणि संध्याकाळी तो ढीग मीच पेटवला.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत गेला. सगळं आयुष्य पाण्यावर काढलेला माणूस पनवेलच्या इस्पितळात, कोरड्या चादरीवर गेला. पळस्प्याला वळून चिरनेरच्या बाजूला, खाडीकाठी माझी सासुरवाडी. तिथल्या धक्क्यावरून तो हौशी लोकांना स्कूटरवर बसवून चक्कर मारून आणायचा. स्कूटर जुनी, कार्बोरेटरवाली, कुठल्याशा रिसॉर्टने काढून टाकलेली. दुपारी चारला तो जेवायला परतायचा. लांबून घरघर ऐकू आली की सासरे धक्क्यावर जाऊन दोरी झेलायचे. बापलेकांत दिवसभरातला संवाद तेवढाच.

तो गेल्यावरही सासरे चार वाजता उठत राहिले. "आला," एवढंच म्हणायचे आणि शेवाळलेल्या धक्क्याकडे निघायचे. पंचाहत्तरी उलटलेली. दोनदा घसरले, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. शेजारच्या काकू जेवणाचं बघायच्या, पण त्या किती पुऱ्या पडणार?

"ती स्कूटर बाबांच्या डोळ्यांसमोर, अंगणात चालू करा," बायको म्हणाली. "ती इथेच आहे हे एकदा दिसू दे, तिचा आवाज इथूनच येतो हे एकदा ऐकू दे. नाहीतर तिसऱ्या वेळी नुसत्या मनगटावर भागणार नाही."

काम माझ्याकडे आलं, कारण अठरा वर्षं मी माझी स्कूटर स्वतःच दुरुस्त करत होतो. सोसायटीत त्याबद्दल माझं नाव होतं. म्हणजे मी पाना घेऊन खाली उतरलो की लोक ढकलायला आपणहून जमायचे.

त्या पहिल्या रविवारी बॅटरी बदलली, प्लग बदलले. ठिणगी झकास पडत होती. बटण दाबलं की गुर्र, गुर्र, गुर्र, आणि पुढे काही नाही. दुसऱ्या रविवारी जुनं पेट्रोल उपसलं. त्याला वॉर्निशसारखा वास सुटला होता. पळस्प्याहून ताजं आणलं, ऑइल मिसळलं. गुर्र, गुर्र. तिसऱ्या रविवारी कार्बोरेटर सोडवून धुतला आणि परत जोडला. एक स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. चोकचा नॉब मी दर वेळी ओढतच होतो. तो मस्त बाहेर यायचा. नॉब बाहेर आला म्हणजे चोक लागला, अशी माझी समजूत.

सासरे पडवीतल्या खाटेवरून बघत असायचे. "चप्पल लागंल तिला, जावईबापू."

मी पहिल्यांदा त्यांच्याच चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी त्या पायात घातल्या आणि माझ्याकडे बघत बसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "चपलीबिगार नाय व्हायची ती चालू." मी हसून मान हलवली. नसलेले आवाज ऐकणाऱ्या माणसाशी कोण वाद घालणार?

त्या तिसऱ्याच रविवारची गोष्ट. चार वाजायला आले होते. हात पुसत मी वर पाहिलं तर बायको पायरीवर उभी, तोंड खाडीकडे. सासरे खाटेवरून उठले ते तिच्यानंतर, हे माझ्या पुढे कधीतरी लक्षात आलं. "आला."

मी कान दिला. खाडीला ओहोटी लागलेली. एक कावळा तेवढा ओरडत होता.

"बाबा, बसा. कुणी नाही आलं," बायको त्यांना आडवी आली.

"तुला ऐकू नाय येत?"

"नाही." ती लगेच आत गेली.

चौथ्या रविवारी माझी गुर्रगुर्र ऐकून म्हाताऱ्याचाच धीर सुटला. उठून आले, वरचं झाकण मला काढायला लावलं आणि चांगला हात कार्बोरेटरच्या तोंडावर दाबून धरला. "हितं चप्पल. अशी दाबायची. मंग बटन. पेट घेतला का काढायची. तो निला तुकडा कुठं हाय?"

मी टॉर्च मारून आत पाहिलं आणि नॉब ओढला. नॉब आला, आतली पट्टी जागची हलली नाही. चोकची तार मधेच गंजून तुटलेली. थंड इंजिनाला नुसती हवा मिळत होती, पेट्रोल ओढलंच जात नव्हतं. मेव्हण्याने त्यावर आपला इलाज काढला होता आणि तो मी पाल्याबरोबर जाळला होता.

"जाळला," मी म्हणालो.

सासऱ्यांनी एक पाय पुढे केला. त्यात मीच आणून ठेवलेली चप्पल होती. "ही कापा."

मी रबर दाबून धरलं, बायकोने बटण दाबलं. तिसऱ्या दमाला इंजिनाने पेट घेतला, मी हात काढला आणि अंगणभर निळा धूर झाला. पाण्याबाहेर तिला फार चालवता येत नाही. पंधराएक सेकंद वाजली असेल. सासऱ्यांनी डोळे मिटले होते. बंद केल्यावर त्यांनी सीटवर हात ठेवला, एखाद्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"हितं हाय," ते म्हणाले. "मंग तिकडं कोन येनार?"

त्या दिवशी चारला ते उठले नाहीत. आठवडाभराने काकूंचा फोन आला, आता मुळीच उठत नाहीत, दुपारी झोप लागते. मी फुशारलो. चप्पल कुणी सुचवली, तेवढं वगळून शेजारच्या दोघातिघांना पूर्ण हकीकतही सांगितली.

पुढच्या शनिवारी पनवेलच्या घरी पेपर वाचत होतो. खालच्या मजल्यावर मिक्सर लागला असावा असं वाटलं. बारीक, लांबून, मग जरा जवळ. पायात चपला सरकवून मी दाराशी कधी पोचलो, कळलं नाही. कडीवर हात होता. घड्याळाकडे पाहायची हिंमत झाली नाही.

बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला रोजच ऐकू येतो," ती म्हणाली. "इथे दोरी झेलायला धक्का नाही, म्हणून बसून राहते, एवढंच."