ओढ्यात बसलेला माणूस

आमची सोसायटी बिबवेवाडीच्या वरच्या टोकाला, टेकडीला लागून आहे. मागच्या भिंतीपलीकडून ओढा वाहायचा. गटार नव्हे, ओढा. टेकडीच्या कपारीतून येणारा, तळाची वाळू दिसेल इतका स्वच्छ.

निवृत्त झाल्यावर माझ्या यजमानांना त्याचा नाद लागला. तिथं एक चतुर असायचा, पारदर्शक पंखांचा लांबोडका कीटक. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, डोळे हिरवेगार. दुसरा नर आला की त्याला हुसकावून लावायचा आणि परत आपल्या दगडावर येऊन बसायचा. मला आधी हसू यायचं, मग मीही थर्मास घेऊन सोबत जायला लागले. चतुराची पिल्लं पाण्याखाली वाळूत दबा धरून वाढतात, डासांच्या अळ्या खातात, हे त्यांनीच मला दाखवलं.

मग सोसायटीच्या सभेत सुशोभीकरणाचा विषय निघाला. डास होतात म्हणून ओढ्याचा तळ काँक्रीटचा करायचा. यजमानांनी उठून पिल्लांबद्दल सांगितलं. अध्यक्षांनी ऐकल्यासारखं केलं आणि पार्किंगचा विषय घेतला. परवानगी मिळाली आहे म्हणे. कोणी दिली, ते कोणी सांगेना.

एका सकाळी जेसीबी आला. आमच्या घरातला हा माणूस उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोललेला नाही. तो चपला काठावर काढून सरळ पाण्यात उतरला आणि मधल्या दगडावर बसला. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. अध्यक्ष धावत आले.

"काका, आपण बाहेर या. सर्दी होईल."

"माझ्या सर्दीचं मी बघेन," हे शांतपणे म्हणाले. "हा ओढा मेला तर आपण बघणार आहात का?"

अध्यक्षांनी मला यांची समजूत घालायला सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साडी खोचली आणि मीही पाण्यात जाऊन यांच्या शेजारी बसले. गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. काहींनी फोटो काढले, खाली कुणीच आलं नाही. दुपारी जेसीबी परत गेला. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की पुन्हा बैठक घेतल्याशिवाय कामाला हात लावणार नाही.

त्याच आठवड्यात आम्ही लेकीकडे गेलो. परत आलो तेव्हा काँक्रीट वाळत आलं होतं. बैठक झाली होती का, असं विचारल्यावर अध्यक्ष म्हणाले, "आपण नव्हतात ना, म्हणून ठराव लगेच मंजूर झाला." लोक हसले. मला त्या हसण्याचा राग आजही आहे.

आता तिथं बाक आहेत आणि संध्याकाळी डासांमुळे त्यांच्यावर कुणी बसत नाही. भिंतीवर 'निसर्ग जपा' लिहून मोठा चतुर रंगवलाय. त्याला चारच पाय आहेत. उद्घाटनाला ज्येष्ठ म्हणून यांच्या हस्ते नारळ फोडायचा बेत होता. बोलवायला आलेल्यांना मी दारातच सांगितलं, "ते घरी आहेत. येणार नाहीत." आत हे पेपर वाचत बसले होते. पान मात्र उलटत नव्हते.