वकिलांना दाखवलेली वानगी

पुण्यातल्या वकिलांच्या एका फर्मने मला फसवलं. एका वेबसाइटवरून मी त्यांना माझी अडचण लिहून पाठवली. ती त्यांनी वाचली, मला उत्तर दिलं नाही, आणि माझ्यावर दावा ठोकणाऱ्या कारखान्याच्या बाजूने उभं राहून तीच अडचण माझ्यावर उलटवली. जे यंत्र मी माझ्या हातांनी घडवलं, ते बनवायची आज मलाच बंदी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट ऐकताना अर्ध्यावर मान हलवून "भाऊ, तुमचीच चूक दिसतेय" म्हणणारे मला पुष्कळ भेटलेत.

मी मूळचा आणे गावाच्या बाजूचा. तिथे पाणी कमी आणि बेल्ह्याचा बैलबाजार जवळ, म्हणून चुलता बैलांची दलाली करायचा. लहानपणापासून मी त्याच्या मागे हिंडलो. उपरण्याखाली हात घालून, बोटं धरून भाव ठरायचा. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नसे. सौदा करायला मी तिथे शिकलो. नव्वदच्या दशकात मंचरला आलो, वेल्डिंगच्या दुकानात पडेल ते काम केलं, मालकाशी भांडलो आणि रस्त्याकडेला स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं.

तिकडे सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. काढणीला बैलाचा नांगर घालायचे आणि मागून बाया वेचायच्या. नांगराच्या फाळाने कितीतरी बटाटा कापला जायचा. बाहेरून आलेली मोठी यंत्रं त्या लहान, दगडाळ वावरांत फिरत नसत. मी छोट्या ट्रॅक्टरला लागेल असं हलकं यंत्र केलं. पुढे रुंद फाळ, मागे गजांची जाळी, आणि जाळीला खालून झटका देणारी एक वाकडी कडी. माती खाली पडायची, बटाटा वर राहायचा. ती कडी नीट बसेपर्यंत दोन हंगाम गेले. एका शेतकऱ्याच्या वावरात मी इतका बटाटा ठेचला की त्याची बायको म्हणाली, "भाऊ, तुमी काढणी करताय का भाजी?"

पण जमलं. मग कोणाला सांगावं लागलं नाही, एका वावरातून दुसऱ्या वावरात माझं यंत्र आपोआप गेलं. पुण्याजवळच्या एका कारखान्याचा माणूस आला, गिऱ्हाईक म्हणून एक यंत्र घेऊन गेला. मी त्याला चहा पाजला. कडीचा कोन असाच का, हे त्याने विचारलं आणि मी खुळ्यासारखं हौसेने सांगितलं. पुढे त्या कारखान्याने त्या यंत्राचं डिझाइन स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि मलाच नोटीस धाडली, की तुम्ही आमची नक्कल करताय, उत्पादन बंद करा.

नोटीस घेऊन घोडेगावच्या कोर्टात गेलो. तिथले वकील ओळखीचे. त्यांनी कागद वाचला आणि सरळ सांगितलं, "बांधाचं भांडण असतं तर मी लढलो असतो. हे डिझाइनचं काम आहे. पुण्याचा माणूस बघा, आणि असा बघा की जो हेच करतो."

असा माणूस शोधायचा कसा? मंचरला तेव्हा एक सायबर कॅफे होता. चालवणारी बाई पदवीधर, सगळे तिला ताई म्हणत. तिने एक वेबसाइट काढून दिली. देशभरातल्या वकिलांच्या फर्म्सची यादी. शहर निवडायचं, मग 'प्रॅक्टिस एरिया' निवडायचा, म्हणजे कोणत्या प्रकारची कामं ती फर्म घेते ते. जमीन वेगळी, कामगार वेगळे, कर वेगळा, डिझाइन आणि ट्रेडमार्क वेगळं. मला ते बघून आनंद झाला. बाजार म्हटलं की मला घरी आल्यासारखं वाटतं, आणि हा बाजारच होता.

शेड बंद झालं की मी रोज तिथे जाऊन बसायचो. ताई इंग्रजी वाचायची, मी ऐकायचो.

"ह्या फर्मात वकील किती?"

"चार."

"आन् कामं किती प्रकारची लिवलीत?"

तिने मोजली. "वीस-बावीस असतील."

"म्हंजी हाटेलातल्यासारखं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, आन् आत आचारी एकच. पुढं चला."

वरच्या ठळक चौकटीतल्या फर्म्स जाहिरातीचे पैसे भरून वर बसल्यात, हेही मला लवकर समजलं. रस्त्याकडेच्या गाळ्याचं भाडं जास्त असतं, म्हणून तिथला माल चांगला असतो असं नाही. एकदा ताई वाचता वाचता थांबली. "भाऊ, हे वाक्य मघाशी दुसऱ्या फर्मच्या माहितीत होतं. शब्दन् शब्द तेच." नक्कल थांबवण्याचा धंदा करणारे एकमेकांची नक्कल मारत होते. आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारी गेम खेळणारी पोरं बघायला लागली.

उरलेल्यांना मी फोन लावले. मुद्दाम वाकडं विचारायचो. "साहेब, इमान पडलं तर त्याचं काम करता का?" बहुतेक म्हणायचे, करतो ना, या भेटायला. एकच वकीलबाई म्हणाल्या, "नाही हो. आम्ही फक्त डिझाइन आणि ट्रेडमार्क करतो. आणि विमान कुणाचं पडलंय?" तिथेच मी मनात ठरवलं, ह्याच.

आता लोक विचारतात, ठरलं होतं तर गप बसायचं, बाकीच्यांना कशाला विचारलं? त्यांनी कधी बाजारात माल विकलेला नसतो. नारायणगावला टमाटा घेऊन गेलेला माणूस एकाच व्यापाऱ्याला वानगी दाखवत नाही. पाच जणांना दाखवतो. मग ज्याला द्यायचा त्यालाही कळतं की ह्याला दुसरी दारं उघडी आहेत. वेबसाइटवर तशीच सोय होती. फर्मच्या नावापुढे खूण करायची आणि एकच मजकूर सगळ्यांना जायचा. मी पाच खुणा केल्या आणि कारखान्याच्या नावासकट नोटिशीची सगळी हकीकत ताईकडून लिहून घेतली.

मजकुराच्या खाली एक चौकट होती, तुम्हाला यातून काय हवंय, अशी. मी म्हणालो, "ही कोरी राहू द्या. आपली गरज पयल्या दिवशी सांगत न्हाईत."

ताई म्हणाली, "तिच्यापुढे तांबडी चांदणी आहे, भाऊ. भरल्याशिवाय पुढे जात नाही. आणि वकिलांनाच तर जातंय. वकील, डॉक्टर बाहेर बोलत नाहीत."

मग मी सांगितलं आणि तिने इंग्रजीत लिहिलं. पठारावरच्या शेतकऱ्यांना मी यंत्रं द्यायचा शब्द दिलाय. गणपती बसायच्या आत ती पोचली पाहिजेत, कारण त्यानंतर काढणी लागते. प्राण गेला तरी हा शब्द मोडणार नाही. त्यासाठी पडेल ती तडजोड करीन.

ते वाक्य मी आयुष्यात कोणाला सांगितलं नसतं. चुलत्यालाही नसतं सांगितलं.

चौघांची उत्तरं आली. पाचव्याचं आलं नाही. मी म्हटलं, मोठी फर्म असेल, आपल्यासारख्याला कोण विचारतो. वकीलबाईंना काम दिलं. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "केस आपली चांगली आहे. त्यांनी नोंदणी करण्याआधी तुम्ही यंत्रं विकलीत, आणि विकत घेणारे साक्षीला आहेत. फक्त वेळ लागेल. आणि तुमची ती गणपतीची घाई कोर्टाच्या एकाही कागदात येणार नाही. समोरच्याला ती कळता कामा नये."

कारखान्याने पुण्याच्या कोर्टात दावा लावला आणि तात्पुरती मनाई मिळवली. निकालापर्यंत यंत्र बनवायचं नाही. वकीलबाई म्हणाल्या, एकदा बाजू ऐकली की ही मनाई टिकत नाही. पण बाजू ऐकलीच जाईना. एका तारखेला समोरचे वकील आजारी, एकदा कागद राहिलेले, एकदा त्यांचे साहेब दिल्लीला. शेडमध्ये अर्धी उभी यंत्रं, आणि मी एसटीने पुण्याला जाऊन पुढची तारीख घेऊन परत. पठारावरचा एक म्हातारा शेतकरी दर आठवड्याला येऊन गजांवर हात फिरवायचा. "कवा देता, राव? तुमच्या भरवशावर औंदा बैल इकलं आमी."

श्रावणात समोरच्यांनी समेटाची बैठक मागितली. त्यांच्या ऑफिसात गेलो. काचेचं टेबल, गार हवा. त्यांचा वकील तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, "आम्ही माणुसकीने बघतोय. ह्या हंगामाची यंत्रं तुम्ही पूर्ण करा आणि द्या, आमची हरकत नाही. त्यानंतर मात्र हे यंत्र कायमचं बंद, असं लिहून द्या."

मी सौद्याला बसलो. म्हटलं, तीन हंगाम. तो हसला. म्हटलं, दोन, आणि दुरुस्तीचा हक्क. तो नुसताच हसला. मी उठायचं नाटक केलं. बाजारात माणूस उठला की समोरचा हात धरतो. हा जागचा हलला नाही. पाण्याचा पेला माझ्याकडे सारत म्हणाला, "बसा हो. पठारावरच्या लोकांना शब्द दिलाय ना तुम्ही? प्राण गेला तरी मोडायचा नाही म्हणता. मग गणपतीच्या आत कसं जमणार?"

तो पेला मी भिंतीवर फोडला. वकीलबाईंनी मला बाहीला धरून बाहेर आणलं.

जिन्यात त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तो मजकूर माझ्याशिवाय आणखी कोणाला पाठवला होता?"

"तुमाला धरून पाच जणांना."

त्यांनी मागे दाराकडे बोट दाखवलं. मी दारावरच्या पाटीकडे वळून बघितलं. फर्मचं नाव इंग्रजीत होतं, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. कोर्टाच्या कागदांवर फक्त वकिलाचं नाव यायचं, म्हणून ते मला तोवर दिसलं नव्हतं. मंचरला येऊन ताईला नाव सांगितलं. तिने ती यादी काढली आणि तिचा चेहरा उतरला. पाचवी खूण. ह्या फर्म्स काय कामं करतात ते मी रात्रंदिवस शोधलं होतं. कोणाची करतात, हे शोधायला त्या वेबसाइटवर जागाच नव्हती.

मी सही केली. वकीलबाई म्हणत होत्या, थांबा, दोन वर्षांत जिंकू. पण त्या वर्षीचा बटाटा जमिनीत होता आणि म्हाताऱ्याने बैल विकले होते. गणपतीच्या आत यंत्रं पठारावर पोचली. "शब्दाचा पक्का गडी!" म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला शिवी द्यावीशी वाटली. कोणाला द्यावी, ते कळत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच वावरांत कारखान्याचं निळं यंत्र फिरलं. कडीचा कोन माझाच. आता मी फाटकं आणि जिन्याचे कठडे जोडतो.

वकीलबाईंच्या मदतीने मी त्या फर्मला पत्र लिहिलं. उत्तर आलं, तुम्ही आमचे अशील कधीच नव्हता, त्यामुळे गुप्तता पाळायचा प्रश्न येत नाही. वेबसाइटला लिहिलं. उत्तर आलं, आम्ही फक्त माहिती देतो, फर्म्सच्या वागण्याला जबाबदार नाही. वकिलांच्या संस्थेकडे तक्रार दिली. तिथे पुरावा मागितला. पुरावा म्हणजे त्या वकिलाच्या तोंडचं वाक्य, आणि ते ऐकणारे आम्ही तिघं, त्यातला एक तोच.

मी अशील नव्हतो, मान्य. मग माझी चिठ्ठी वाचलीत कशाला? वाचल्यावर एका ओळीत कळवता येत नव्हतं का, की आम्ही समोरच्या कारखान्याचे वकील आहोत, आम्हाला काही सांगू नका? आणि वेबसाइटवाल्यांनो, तुम्हाला जबाबदारी नको होती, तर त्या चौकटीपुढे तांबडी चांदणी लावली कोणी? माझ्या तोंडून ते वाक्य काढून घ्यायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? माझी चिठ्ठी त्या ऑफिसात कोणी उघडली आणि कोणाच्या हातात दिली, त्या माणसाचं नाव मला पाहिजे. त्याने समोर येऊन माझ्या तोंडावर उत्तर द्यावं. मंचरला माझं शेड अजून आहे.